मुकी संख्या

एका राज्यात दहानंतर एकदम बारा मोजत. मधल्या संख्येला ‘मुकी’ म्हणत. तिचा उच्चार करील त्याचे कुळ बुडेल, असे राजगुरू कर्कटकाने बजावले होते. हा मांत्रिक चार पिढ्यांपासून जिवंत होता, आणि चारही पिढ्यांतली शहाणीसुरती माणसे त्याच्यापुढे माना डोलवत आली. त्यांना काय म्हणावे!

राज्याचा शापित खजिना गुहेत तीन दारांआड होता. प्रत्येक दारावर एक संख्या कोरलेली. उलट वाचा की सुलट, तीच. ‘एक’ सोडून अशी संख्या सांगायची, जिने तिन्हींना भागता बाकी उरू नये. चुकेल तो पाषाण. राजपुत्र सुकेतूने ‘सात’ म्हटले आणि तो पाषाण झाला. सूर्यास्तापर्यंत दारे उघडली नाहीत, तर आधीच्या पाषाणांसह तोही कायमचा दगड राहणार होता.

दरबाराने शांतिपाठ मांडला. राजकन्या वैदूर्येने समया लाथाडल्या आणि ती गुहेकडे निघाली.

पहिल्या दाराशी पाषाणांची रांग होती. भावाच्या थंड खांद्यावर साळुंकी बसली होती.

“साळुंके, हे कोणकोणत्या संख्या बोलले?”

“दोनपासून दहापर्यंत सगळ्या. मग बारा, तेरा, पुढच्याही.”

“मुकी?”

“कोणीच नाही.”

“ती वर्ज्य कोणी केली?”

“कर्कटकाने.”

“आणि ही दारे कोणी घातली?”

“त्यानेच, राजकन्ये.”

वैदूर्येच्या अंगाची लाही लाही झाली. १३३१ कोरलेल्या दारावर तिने मूठ आपटली. “अकरा!”

दार उघडले. दुसऱ्यावर ३४५५४३ होते. “अकरा!” तेही उघडले.

“उलटसुलट सारखी आणि अंकांची गणती सम, अशी कोणतीही संख्या घे,” साळुंकी म्हणाली, “अकराने ती भागली जातेच. कितीही मोठी असो.”

तिसऱ्यावर होते १२३४५५४३२१. तोच कर्कटक धावत आला. “पोरी, कुळ बुडवशील! बारा म्हण, बारा!”

दाराने त्याचे उत्तर ऐकले. तो तिथेच पाषाण झाला.

“अकरा,” वैदूर्या म्हणाली. दारामागून खजिन्याआधी वारा आला, आणि रांगेतली माणसे खोकत, डोळे चोळत जागी झाली.

“ताई,” सुकेतू म्हणाला, “मी चुकलो.”

“तू नाही रे चुकलास. तुला मोजायलाच चुकीचे शिकवले.”

दरबारात राजाने मुलाला कवटाळले. मग तो खाली मान घालून म्हणाला, “कन्ये, गुरूचा शब्द कसा मोडावा?”

“आपला मुलगा दगड झाला, तरी मोडवला नाही?” वैदूर्या म्हणाली. “महाराज, सिंहासनावरून उतरा. सर्वांसमक्ष मोजा.”

राजा उतरला. एक, दोन, करत दहाशी आला आणि थांबला. सुकेतूने त्याचा हात धरला.

“अकरा,” राजा म्हणाला.

कुळ बुडाले नाही. त्या राज्यात आजही मुले मोजताना अकरा सर्वांत मोठ्याने म्हणतात.