रोहित पक्ष्यांची झेप

एका मोठ्या तलावाच्या काठी गाव होतं आणि त्या गावात सगुणा नावाची कासारीण राहत असे. बायकांच्या हातात बांगड्या भरणं हा तिचा धंदा. शहरातल्या तिच्या भावाने नवा कॅमेरा घेतला, तेव्हा जुना तिला दिला आणि चालवायलाही शिकवला. तेव्हापासून सगुणाला एकच नाद लागला. धावत्या-उडत्या जिवांचे फोटो काढायचे.

पहिल्या पहिल्या फोटोंत कोंबडा म्हणजे नुसता तांबडा फराटा असे. कुत्रं पळालं की फोटोत शेपूट तेवढं उरे. बायका हसत. सगुणाही हसे आणि पुन्हा कॅमेरा उचले. हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की जीव पळाल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. तो पळणार हे आधी ओळखलं पाहिजे आणि कॅमेरा त्याच्याबरोबर फिरला पाहिजे. मांजर उडी मारण्याआधी अंग कसं आवळून घेतं, बगळा उडण्याआधी पुढे कसा झुकतो, हे ती बघत बसू लागली. फोटो सुधारले. हसणाऱ्या बायकाच आता म्हणू लागल्या, "सगुणे, आमच्या करडांचा काढ की एखादा, उड्या मारतानाचा."

हिवाळ्यात तलावावर रोहित पक्ष्यांचा थवा उतरला. काठीसारखे लांब पाय, गुलाबी पंख आणि सोबत त्या वर्षीची करड्या रंगाची पिल्लं. सरपंचबाईंनी सांगितलं, "जत्रेच्या मंडपात दर्शनी जागी रोहितांचा उडतानाचा फोटो लावायचा. ज्याचा चांगला, त्याचा लागेल."

सगुणाने मनात म्हटलं, हा फोटो मी काढणार. गावात दुसरा कॅमेरा होता कापडवाल्या दिनकरशेठकडे, महागातला आणि नवा कोरा. तोही ईर्ष्येला पेटला.

दोघं रोज सकाळी तलावावर येऊन बसत. पण रोहित पाण्यात माना घालून चिखलातून दाणापाणी टिपत राहत. उडायचं नाव घेत नसत. जत्रा अगदी तोंडावर आली, तेव्हा दिनकरशेठचा धीर सुटला. त्याने काठावरचा एक धोंडा उचलला.

"सगुणाताई, कॅमेरा डोळ्याला लाव. मी धोंडा टाकतो, सगळा थवा एकदम उठेल. तुझंही काम होईल, माझंही."

सगुणाच्या मनात चलबिचल झाली. नुसतं बटण दाबायचं होतं. धोंडा काही ती टाकणार नव्हती. पण समोर एक करडं पिल्लू मोठ्यांच्या मागे मागे फिरत भुकेजल्यासारखं खात होतं.

"नको, शेठ," ती म्हणाली. "किती लांबून आलेत ते. पोटभर खाऊ दे. उडायचं तेव्हा उडतील."

"आणि नाहीच उडाले तर?"

"तर मंडपात तुमचा फोटो लागेल. पण धोंडा खाली ठेवा."

दिनकरशेठ हसला आणि त्याने धोंडा भिरकावला. थवा कलकलाट करत उठला आणि टेकडीपलीकडे दिसेनासा झाला. दिनकरशेठने भराभर फोटो काढले आणि खुशीत घराकडे वळला. सगुणाचा कॅमेरा मांडीवरच राहिला.

क्षणभर तिला वाटलं, संपलं सगळं. मग ती विचार करू लागली. पक्षी अर्धपोटी गेलेत, म्हणजे भूक त्यांना इथेच परत आणेल. आणि आजवर पाहिलं होतं, तलावावरची मोठी पाखरं उडताना नेहमी वाऱ्याला तोंड करून धावतात. म्हणून ती तलावाला वळसा घालून गेली, वारा पाठीवर येईल अशी जागा धरली आणि पाणगवताच्या आड बसली.

दुपार कलली. पाय आखडले. ती जागची हलली नाही. शेवटी टेकडीवरून एक गुलाबी रेघ दिसली आणि थवा पाण्यात उतरला.

पक्षी निवांत खात राहिले. उन्हं उतरू लागली, तशा एकामागून एक माना वर झाल्या. पावलं भरभर पडू लागली. आता उठणार, सगुणाने ओळखलं. तिने पुढच्या पक्ष्याच्या डोळ्यावर नेम धरला. थवा पाणी उडवत, पंख पसरत, थेट तिच्याकडे धावत आला. कॅमेरा त्या पक्ष्याबरोबर फिरला आणि तिने बटण दाबलं.

फोटो छापून आले. सरपंचबाईंनी दोन्ही शेजारी शेजारी मांडले. दिनकरशेठचा फोटो स्वच्छ होता, पण त्यात एकाही पक्ष्याचं तोंड दिसत नव्हतं. एक म्हातारी वाकून बघत म्हणाली, "एवढी पाखरं कुणाला भिऊन पळाली गं?"

दिनकरशेठ वाकून आपलाच फोटो पुन्हा पाहू लागला.

म्हातारीने दुसरा फोटो पाहिला. उधळलेलं पाणी, उघडलेले पंख, एक टपोरा डोळा. "आणि ही बघा, आपल्याच घरी यायला निघालीत."

सगुणाचा फोटो मंडपात लागला. जत्रेत दिनकरशेठ तिच्या बांगड्यांच्या दुकानाशी घुटमळला. "ताई, उद्या तुझ्याजवळ बसलो तर चालेल?"

"बसा की. पण वेळ लागेल हां, शेठ. जेवण बांधून आणा."

तात्पर्य काय, तर भिववून उठवलेला जीव पाठ दाखवतो. ज्याला त्याची चाल ओळखून वाट पाहता येते, त्याच्याकडे तो आपण होऊन तोंड करून येतो.