घाटावरची घंटा

माणूस देश सोडून गेला की तुम्ही त्याला कृतघ्न ठरवून मोकळे होता. मातीला विसरला म्हणता. तो इथे होता तेव्हा त्याचं एक वाक्य तरी पुरतं ऐकून घेतलं होतंत का?

फार पूर्वी एका रुंद नदीच्या काठी एक देश होता. तिथली रीत अशी, की केस पिकल्याशिवाय सभेत तोंड उघडायचं नाही. तरुणांनी मागे बसायचं, सतरंज्या घालायच्या आणि माना डोलवायच्या.

तिथल्या घाटावर एक मोठी घंटा होती. धुकं पडलं की ती वाजवत आणि तिच्या आवाजाच्या रोखाने नावा काठाला लागत. एका हिवाळ्यात घंटेला तडा गेला. आवाज बद्द झाला. नावा खडकांवर आपटू लागल्या.

ओतारआळीत एक तरुण ओतारी होता. घंटा ओतणं हा त्याच्या घरचाच धंदा. ही घंटा वितळवून पुन्हा ओतायला हवी, हे त्याला कळत होतं. पण केस तर काळेभोर! शेवटी डोक्याला राख फासून तो सभेत उभा राहिला.

"मंडळी, आपली घंटा..." एवढ्यात त्याला सणसणीत शिंक आली आणि राख उडाली. सभा पोट धरून हसली.

"बाळ, घाई कसली?" प्रमुख म्हणाले. "केस पिकू देत, मग बोल."

"तोवर माणसं बुडतील, काका!"

"बघा, जीभ केवढी आहे!"

दुसऱ्या दिवशी तो नावेत बसून पलीकडच्या देशात निघून गेला.

तिथे आल्या आल्या लोकांनी विचारलं, "तुला काय येतं?" त्याने घंटा ओतून दाखवली. नाव झालं, घर झालं, संसार झाला. पण प्रत्येक नव्या घंटेवर ठोका देऊन तो कान लावायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा. लहानपणी ऐकलेला घाटावरचा सूर काही त्यात येत नसे. धुकं पडलं की तो नदीकाठी जाऊन बसे.

"कसली वाट बघताय?" बायको विचारी.

"कुणी हाक मारतंय का, बघतोय."

पलीकडून काहीच ऐकू येत नसे.

बायको गेली, केस पांढरे झाले, आणि तो परतला. देशाने हार घालून त्याला सभेत पुढची जागा दिली. बसताना म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. याच जागेची त्याने जन्मभर स्वप्नं पाहिली होती.

घंटा अजून तशीच तडकलेली होती. ओतारआळीतले लोक केस पिकायच्या आधीच देश सोडत होते, मग सभेत सांगणार कोण?

तेवढ्यात मागून एक तरुणी उठली. तीही ओतारआळीतलीच. "घंटा पुन्हा ओतायला हवी. साचा मी केलाय. फक्त हो म्हणा."

"खाली बस! आधी आरशात केस बघ!" सभा हसली. नवे प्रमुख म्हाताऱ्याकडे वळले. "तुम्ही बोला, आजोबा."

तरुणी आशेने त्याच्याकडे बघत होती. 'हिचं ऐका' एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण सगळी सभा पहिल्यांदाच त्याच्याकडे कान देऊन बसली होती. तो म्हणाला, "घंटा पुन्हा ओतायला हवी."

"वा! याला म्हणतात अनुभव!" टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारा सुखावला. तरुणीने सतरंजी गुंडाळली आणि ती बाहेर पडली.

म्हाताऱ्याने घंटा ओतली. सूर अगदी तोच, लहानपणीचा! हे सांगायला तो ओतारआळीत धावला. तरुणीच्या दाराला कुलूप होतं.

पुढे धुकं पडलं. म्हातारा घाटावर उभा राहून घंटा वाजवत राहिला, दंड भरून येईपर्यंत. पलीकडून आलेल्या नावाड्याला त्याने विचारलं, "काय रे, पलीकडे गेलेल्या त्या पोरीला ऐकू जात असेल का?"

गोष्टीचं तात्पर्य मग त्या नावाड्यानेच सांगून टाकलं, दोर बांधता बांधता: "तुमचा आवाज पोचतो हो तिथवर, आजोबा. ती गेली, ते तिचा आवाज इथे पोचला नाही म्हणून."