देवराईचं कुलूप

फार पूर्वी, डोंगरावरच्या एका देवराईच्या दाराला राजाच्या माणसांनी कुलूप लावलं. आतला झरा जपायला म्हणून. कुलपाला त्याचा भारी अभिमान होता.

पावसाळ्याआधी ठाकरवाडीतली नामी कुदळ घेऊन आली. झऱ्यातला गाळ दर वर्षी वाडीच काढायची.

"उघड रे बाबा," ती म्हणाली.

"माणसं आत सोडली, तर मग माझी राखण कसली?" कुलूप म्हणालं.

नामी हसली. "आणि तू यायच्या आधी राखण काय माकडं करत होती?"

कुलूप उघडलं नाही. नामी पुढच्या वर्षीही आली, मग यायची थांबली. कुजक्या पानांनी झरा बुजत गेला. त्याची खळखळ बारीक होत गेली, तसा कुलपाचा जीव कासावीस झाला. एके दिवशी वाटेवर नामी दिसताच त्याने हाक मारली, "नामीबाई, ये, आत जा." पण त्याचं गंजलेलं तोंड उघडेना.

"घाल घाव," ते म्हणालं.

एका घावात ते मातीत पडलं. नामी आत गेली. पडल्या पडल्या ते कान लावून राहिलं. कुदळीचा आवाज बराच वेळ येत होता. पाण्याचा आला नाही.