सुरवंटांचे नगरसेवक

फुलपाखरांच्या बागेचं उद्घाटन उद्यावर आलं होतं. नगरसेवक दौलतराव शितोळे पाहणीला आले आणि पानोपानी सुरवंट बघून भडकले.

"आत्ताच्या आत्ता औषध मारा! आणि उद्या पाहुण्यांना फुलपाखरं दिसलीच पाहिजेत."

उद्यान अधीक्षक टिपरे पुरते गोंधळले. सुरवंटच मारले तर फुलपाखरं आणायची कुठून? ते एकदा साहेबांकडे बघत, एकदा फवारणीच्या पंपाकडे.

तेवढ्यात हास्यक्लबच्या इंदूताई पुढे आल्या. "दौलतराव, निवडणुकीआधी तुम्हीही असेच दारोदार फिरून मिळेल ते खात होतात. माझ्याकडचे पोहे तर दोनदा घेतलेत. तेव्हाच आम्ही औषध मारलं असतं, तर आज तुम्हाला हे पंख फुटले असते का?"

पंप परत गेला. दुसऱ्या दिवशी फीत कापताना एक सुरवंट दौलतरावांच्या बाहीवर चढला. त्याला झटकायची काही त्यांची छाती झाली नाही.