राणीच्या वाढदिवसाची गाजरं

हॉलंडवर नाझींचा अंमल होता. परदेशी निघून गेलेल्या राणीच्या घराण्याचा रंग नारिंगी, म्हणून त्या रंगाची चिंधीसुद्धा मिरवायला त्यांनी बंदी केली होती. तरी राणीच्या वाढदिवशी भाजीवाल्या योबने दुकानाच्या दर्शनी काचेत गाजरांचा ढीग रचला. सगळी गल्ली गालात हसली. योबशी लग्न ठरलेली फेना तर कौतुकाने बघतच राहिली, आणि समोरचा भाजीवाला हार्म जळून खाक झाला. फेनावर त्याचाही जीव होता. पण ही युक्ती काही त्याला सुचली नव्हती.

दुपारी नाझी अधिकारी शिपाई घेऊन आला. "ही बंडखोरी आहे! याला भिंतीशी उभा करा!"

फेना पांढरीफटक पडली. हार्मने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तो रस्ता ओलांडून पुढे आला.

"साहेब, तुमच्या आचाऱ्याने सकाळी माझ्याकडून चार पोती गाजरं नेली. आत्ता अख्खी छावणी गाजराचं सूप पिऊन बसली आहे. गाजरं राणीची असतील, तर तिच्या वाढदिवसाचं जेवण तुम्हीच घातलंत. बर्लिनला आधी कोणाचं नाव कळवायचं?"

लोकांत खसखस पिकली. अधिकारी लालबुंद झाला. "गाजरं ती गाजरंच!" असं गुरकावून तो शिपायांसह चालता झाला.

फेनाने डोळे पुसले. "हार्म, त्याच्यासाठी जीव धोक्यात घातलास रे!"

"त्याच्यासाठी?" हार्म फणकारला. "तो आज मेला असता, तर तू जन्मभर त्याचा फोटो उराशी धरून बसली असतीस. फोटोशी मी कसा भांडणार? जिवंत योबचा तुला कधीतरी कंटाळा येईल."