‘फिकार’चा अर्थ

“...पण ‘राहणं’ आणि ‘होणं’ या दोन्ही गोष्टी एकच क्रियापद कसं सांगेल, मास्तर? एकात काही बदलत नाही, दुसऱ्यात सगळं बदलतं.”

हृषीकेश तेंडोलकर हे जरा चढ्या आवाजातच म्हणाला. पुण्यात पोर्तुगीजच्या सगळ्या परीक्षा तो पहिल्या वर्गात पास झाला होता. आठवड्याभरात लिस्बनला शिकायला निघायचा होता. सावंतवाडीला आईचा निरोप घेऊन तो गोव्यातल्या दिवाडी बेटावर आला होता, तो बाझिलियो मास्तरांकडून उच्चार तेवढे तपासून घ्यायला.

मास्तर ऐंशीचे. अर्ध्या गावाला त्यांनी ही भाषा शिकवली होती. शिकले ते पोर्तुगालला निघून गेले. त्यांत मास्तरांचे दोन्ही मुलगे होते. आता मास्तरांच्या वाटेवरच्या बहुतेक घरांना कुलपं होती.

हृषीकेशने वही काढून ‘फिकार’ या त्या क्रियापदाचे अर्थ वाचून दाखवले. थांबणं, मागे उरणं, एखाद्या ठिकाणी असणं, होणं... शब्दकोशात होते तेवढे सगळे.

मास्तरांनी हात पुढे करून वही मिटली. हे क्रियापद घालून तुझ्या घरातलं एक वाक्य सांग, म्हणाले.

तो विचारात पडला. दोन वर्षांपूर्वी वडील गेले होते, आणि हल्ली आई फारशी बोलत नसे. त्याने तेच सांगितलं.

“माझी आई... फिको कलादा. गप्प झाली.”

“केव्हा?”

“वडील गेले तेव्हा.”

“तेव्हाच?”

“नाही... तेव्हा बोलत होती. येईल त्याला सगळं पहिल्यापासून सांगायची. तेराव्यानंतर पाहुणे गेले, तरी मला सांगतच होती.”

“मग?”

“मग... माझी सुट्टी संपली.”

बाहेर रस्त्यावर कुणीच नव्हतं.

हृषीकेशने विचारलं. आवाज आता खाली आला होता.

“मग या वाक्यात काय धरायचं, मास्तर? आई गप्प झाली... की गप्प राहिली?”

मास्तर उठून खिडकीपाशी गेले. त्याच्याकडे न बघताच म्हणाले,

“हा प्रश्न जाणाऱ्याला पडतो. मागे उरतो त्याला दोन्ही एकच.”