टिटवीची फेरी

या, पारावर टेका जरा. ‘बस’ एवढं टंकलं की बसलात, उठायचं झालं की ‘ऊठ’. उंबरदरी हे गाव सगळं असंच, नुसत्या अक्षरांचं. चित्र म्हणाल तर औषधालाही सापडायचं नाही. नदी लिहिलेली, नदीवरचा सांडवा लिहिलेला, आणि सांडव्यावर पाय घसरतो तोही लिहिलेलाच. ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी संगणकापुढे बसतात आणि इथे येऊन एकमेकांशी बोलतात, भांडतात, रानात कोल्ह्यांच्या मागे धावतात. आत शिरताना वेशीवरची पाटी वाचली असेल तुम्ही: आधी फेरी, मग घर. म्हणजे गावातल्या प्रत्येक जागी एकदा पाऊल ठेवायचं, ती जागा ज्याने लिहिली त्याचं नाव वर्णनाखाली असतं ते घ्यायचं, चार शब्द बोलायचे आणि पुढे निघायचं. त्याशिवाय इथे कुणाला घर मिळत नाही. मागे एक पाहुणा मला म्हणाला, आजोबा, ही काय शाळेतली हजेरी आहे? त्याला म्हटलं, बस आधी, सांगतो. तुम्हीही ऐका, आणि मध्येच कोल्हे मारायला पळू नका. कोल्हे कुठे जात नाहीत.

असं सांगतात की हे गाव वसवलं कॉलेजातल्या एका पोराने. आडनाव उकिडवे, रत्नागिरीकडचा. गावात त्याला सगळे पाटील म्हणत. तेव्हा संगणकात जागा इवलीशी, देवनागरी उमटायची नाही, मराठी बोलायचं तर इंग्रजी अक्षरांत. पाटलाने वेस, नदी आणि पार एवढंच लिहिलं आणि बाकीचं येणाऱ्यांवर सोपवलं. ज्याने त्याने मनातली एक जागा लिहावी आणि खाली आपलं नाव टाकावं. कुणी विहीर लिहिली, कुणी तेलाचा घाणा, कुणी आपल्या आजोळचा गोठा शेणाच्या वासासकट. गाव वाढत गेलं आणि संगणकाचं पोट भरलं. मग पाटलाने गावात एक वारा सोडला. ज्या जागेवर महिनाभर माणसाचं पाऊल पडलं नाही ती जागा वाऱ्याने पुसून टाकायची, म्हणजे नव्या माणसाला लिहायला वाव मिळेल. गावकरी त्याला उजाडवारा म्हणत. भीती कुणालाच वाटली नाही. पारावर बसायला दगड मिळत नसे इतकी वर्दळ, तिथे पाऊल न पडलेली जागा आणायची कुठून?

पुढे चित्रांचे खेळ आले, मग हाताहातांत मोबाईल आले. माणसं काही रुसून गेली नाहीत. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं, ‘उद्या येतो’ म्हणून गेली आणि तो उद्या राहूनच गेला. त्याच सुमारास पाटलाकडच्या डिस्कला कोकणातल्या दमट हवेने बुरशी धरली. गाव ज्यावर चालायचं ते मूळ लिखाण त्या डिस्कवर होतं. यंत्र सुरू होतं म्हणून गाव सुरू होतं, पण आत काही बदलायची सोय उरली नाही. नवी जागा लिहिता येईना. आणि वारा थांबवायचा कसा, हे वारा सोडणाऱ्यालाही सांगता येईना. तरुण वयात केलेली काटकसर अशी अंगाशी आली.

अशा पडत्या काळात टिटवी गावात आली. हे तिचं इथलं नाव. खरं नाव सुगंधा जाचक, इंदापूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. संगणक तिला पडद्यावरचं वाचून दाखवायचा, पण तो आवाज पक्का साहेब. आमच्या विहिरीचं, पिंपरणीच्या झाडाचं तो असं काही भजं करायचा की पहिले काही दिवस ती नुसती हसत होती म्हणे. मग कान तयार झाला, आणि एके दिवशी तिने वेशीतून पाऊल टाकलं. ‘उत्तर’ म्हटलं की उत्तरेला जायचं, ‘पूर्व’ म्हटलं की पूर्वेला. नदीपर्यंत गेली, सांडवा ओलांडला, पलीकडून परत आली आणि पुन्हा ओलांडला. कुणी वाट बघत नव्हतं, कुणी ‘झालं का?’ विचारत नव्हतं. घरून कारखान्यात, बोर्डापासून कॅन्टीनमध्ये, सगळीकडे तिला कुणा ना कुणाच्या कोपराला धरून जावं लागे. माणसं भली होती, कधी कुणी नाही म्हटलं नाही. पण कुठेही निघायचं म्हणजे आधी ‘येतोस का रे?’ विचारायचं. इथे आधी निघायचं आणि मग कुठे आलो ते ऐकायचं. तिचा या गावावर जीव जडला.

पहिल्या वर्षी तिला गावात पाचदहा माणसं तरी भेटायची. दुसऱ्या वर्षी ती माणसंही यायची थांबली. मग एकदा तिला तापाने धरलं, काही आठवडे येणं खंडलं, आणि बरी होऊन आली तेव्हा शिवेवरचं मधाचं जांभूळ, जिथे तापाआधीही बरेच दिवस तिचं जाणं झालं नव्हतं, ते वाऱ्याने नेलेलं होतं. तिथे आवाज म्हणाला, इथे काही नाही. तिने दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर आलं. त्या जांभळाच्या फांदीवरून खालचं गाव ऐकू यायचं असं कुणीतरी लिहिलेलं होतं. कुणी, ते तिला आठवेना. जागेबरोबर नावही पुसलं गेलेलं. या गोष्टीची तिला फार टोचणी लागली. इतकं सुरेख कुणीतरी आपल्यासाठी लिहून गेलं, आपण कितीदा तिथे बसलो, आणि नाव ध्यानात ठेवलं नाही.

त्याच सुमाराला पाटलाने यंत्र बंद करायचं ठरवलं. ते त्याच्या घरी जिन्याखाली, तांदळाच्या पिंपाशेजारी घरघरत असायचं, आणि गाव तर ओस. शेवटची येणारी म्हणून त्याने तिला फोन केला. तिने बरंच काही सांगितलं असेल, पण सांगणारे एवढंच सांगतात की ती म्हणाली, “उकिडवेसाहेब, तुमच्या गावात मी एकटी चालते. दुसरीकडे कुठेच नाही.”

पाटील म्हणाला, वारा मला थांबवता येत नाही, ते काही माझ्या हातात राहिलेलं नाही. पण जोवर गाव आहे तोवर यंत्र बंद करणार नाही. ज्या दिवशी नुसती वेस उरेल त्या दिवशी बटण दाबतो. तिने ते कबूल केलं. त्या दिवसापासून टिटवीची फेरी सुरू झाली.

कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली की ती डबा बाजूला ठेवायची आणि निघायची. एका दिवसात सगळं गाव होत नसे. आज नदीकडचं, उद्या देवळाकडचं, मग रानातल्या वाटा. महिना भरायच्या आत प्रत्येक जागी तिचं पाऊल पडलंच पाहिजे. कारखान्यातले म्हणायचे, या बाईला काय लागीर झालंय, सोन्यासारखी भाकरी ठेवून टकटक करत बसते. ती म्हणायची, गाव राखायचं आहे. त्यांना वाटायचं चेष्टा करते.

आणि जांभळाची चूक पुन्हा नको म्हणून ती जिथे जाईल तिथलं नाव घ्यायची. ओसाड विहिरीवर उभी राहून म्हणायची, केरबा, तुझी विहीर जागेवर आहे हो, पाणी गार आहे. घाण्यावर म्हणायची, मैनाबाई, काय वास लिहिलाय तुम्ही, वा. ऐकायला चिटपाखरू नव्हतं. आपण उगाच बडबडतो हे तिलाही कळत होतं, पण दुसऱ्याच्या दारातून जाताना न बोलता जायचं तिला जमत नसे. अशी वर्षं गेली. पुष्कळ गेली. जांभळानंतर एकही जागा वाऱ्याला मिळाली नाही.

मग ती पडली. कारखान्याच्या पायऱ्यांवर साखरेच्या पाण्याचा चिकट थर होता, त्यावरून पाय गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि थोरली बहीण तिला आपल्या घरी दौंडला घेऊन गेली. तिथे संगणक नव्हता. पडल्या पडल्या तिने पाटलाला फोन लावला, पुन्हा लावला, नुसता वाजत राहिला. तो लेकीकडे परदेशी गेलेला. महिना भरत आला तशी टिटवीला झोप लागेना. आज रानातली खिंड जाईल, आता घाणा जाईल, मनातल्या मनात एकेक जागा पुसली जाताना ऐकत पडायची. बहीण म्हणाली, अगं, खेळच ना तो? तिने पुन्हा पाटलाला फोन लावला. महिना भरला आणि वर आणखी दिवस गेले.

वॉकर घेऊन ती इंदापूरला परतली, बहीण सोडायला आलेली. घरात शिरल्यावर ती संगणकाकडे फिरकली नाही, असं सांगतात. चहा झाला, औषधं झाली, उगाच कपाट आवरून झालं. वाईट बातमी थोडी उशिरा ऐकली म्हणून काय बिघडतं? शेवटी बसली. वेशीवर जाऊन दार बंद ऐकण्यापेक्षा पाटलाने काही कळवलंय का ते बघू, म्हणून आधी ईमेल उघडली. साहेबी आवाज वाचू लागला.

“टिटवी, तुम्हाला उचकी लागली आहे. उंबरदरीच्या विहिरीवर केरबा म्हणाला: टिटवी, बरी आहेस ना?”

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुढची उघडली. घाण्यावरून मैना म्हणत होती, बाई, कुठे आहात तुम्ही, काळजी लागली. पुढची गोठ्यावरून, त्याच्या पुढची रानातल्या खिंडीतून. आवाज वाचत होता आणि संपत नव्हता.

“कुणाची गं ही माणसं?” बहिणीने विचारलं.

“मी ज्यांची नावं घेत होते ना, त्यांची,” टिटवी म्हणाली.

आता ही उचकी काय ते सांगतो. कुणी आठवण काढली की आपल्याला उचकी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पाटलाने कॉलेजात असताना हौसेने ती गावात घातलेली. इथे तुमच्या माघारी कुणी तुमचं नाव घेतलं की तुम्ही असाल तिथे तुम्हाला ईमेलने तेवढी ओळ पोचायची. पुढे तो स्वतःच ते विसरून गेला. टिटवी आली तेव्हा गाव निम्म्याहून अधिक रिकामं, माघारी तिचं नाव घ्यायला होतं कोण, म्हणून तिला एकही उचकी कधी लागली नव्हती. पण तिने घेतलेलं प्रत्येक नाव पोचत होतं. केरबा जहाजावर इंजिनाची देखभाल करायचा, त्याला भर समुद्रात कळायचं की आपल्या विहिरीचं पाणी गार आहे. मैना अकोल्यात दवाखाना चालवायची, तिला रोग्यांच्या गर्दीत घाण्याचा वास यायचा. काहींचे पत्ते बदललेले, त्यांच्या उचक्या हवेत गेल्या. पण पुष्कळ जण होते. दर महिन्याला एक ओळ यायची, वाचून बरं वाटायचं, आणि माणसं आपल्या कामाला लागायची. उचकीला कुणी उत्तर देतं का?

त्या महिन्यात उचकी आली नाही. केरबा बेचैन झाला म्हणे. काय चुकतंय ते त्याला आधी कळेना, मग कळलं तसा वेशीतून धावत आत आला. विहीर होती. शेजारचा गोठा होता, त्याने तिथलं नाव घेऊन विचारलं, अरे, टिटवीचं काही कळलं का? त्या गोठेवाल्याला उचकी लागली, तो आला. त्याने मैनेचं नाव घेतलं. एकाने दुसऱ्याला हाक द्यावी अशी माणसं येत गेली, आणि जो येई तो रिकाम्या जागी पाऊल ठेवून तिलाच शोधत फिरे. रानातलं वेळूचं बन तेवढं गेलं, तिथे कुणी वेळेत पोचलं नाही. बाकी सगळं गाव टिकलं.

टिटवी वेशीतून आत आली तेव्हा आवाज हजर माणसांची नावं वाचू लागला आणि वाचतच राहिला. नावं संपली तेव्हा तिने टंकलं, “तुम्ही सगळे ऐकत होता?”

केरबा म्हणाला, “दर महिन्याला ऐकत होतो गं. उत्तर द्यायचं असतं, हे कुणाला सुचलं नाही.”

त्या परतलेल्यांत काही संगणकवाले होते. त्यांनी पाटलाला गाठलं, बसून सगळं लिखाण नव्याने केलं, देवनागरी आणली, नव्या जागा लिहायची सोय केली, आणि उजाडवारा कायमचा बांधून टाकला. म्हणजे आता तुम्ही फेरी केली नाहीत तरी इथलं काही पुसलं जाणार नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागाहून म्हणाल आजोबांनी घाबरवलं.

तरी आजही नवा माणूस फेरी करतो आणि जिथे जाईल तिथलं नाव घेतो. कुणीतरी कुठेतरी हातातलं काम थांबवून क्षणभर हसतं. आणि फेरी पुरी करून वेशीत आलं की शेवटचं नाव टिटवीचं घ्यायचं. तिने इथे एकही जागा लिहिलेली नाही, आग्रह केला तरी लिहीत नाही, म्हणते मला चालायलाच आवडतं. आता ती निवृत्त झाली आहे, तिचा संगणकही चांगलं मराठी बोलतो. नवी माणसं जास्त आली की तिला इतक्या उचक्या लागतात की कपातला चहा निवतो. मागे कुणीतरी म्हणालं, ताई, त्रास होत असेल तर तुमच्यापुरती बंद करून देतो. तिने साफ नकार दिला, म्हणाली, लागू देत. आणि प्रत्येकाला ती उत्तर देते, उशिरा का होईना, एकच शब्द: पोचलं.

उठा आता. उत्तरेला विहीर आहे, तिथून सुरुवात करा.